अकरा वर्षांच्या आमवातानंतर आईसाठी आता काय करता येईल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ५४ वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या गावी राहते. अकरा वर्षांपासून आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस. सुरुवातीची दोन वर्षं मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घेतल्या, आठवड्याला १० मिलिग्रॅम. मळमळ व्हायची आणि फरकही फारसा नव्हता, म्हणून सोडल्या. मग कुणीतरी सांगितलेल्या पुड्या सुरू झाल्या, त्या आजतागायत चालू आहेत. पहिल्या महिन्यात आई धावायला लागली, पण आता साखर वाढली आहे, चेहरा सुजतो, दोन्ही हातांची बोटं करंगळीच्या बाजूला वळली आहेत. नव्या डॉक्टरांनी पुन्हा मेथोट्रेक्सेटच लिहून दिलं आणि गरज पडली तर महाग इंजेक्शनं द्यावी लागतील असं सांगितलं. मुलगी विचारते: जे एकदा लागू पडलं नाही तेच पुन्हा कशाला? इतक्या उशिरा उपयोग होईल का? आंबट बंद करायचं का? औषध जन्मभर का? आणि शेवटी एक ओळ: "आई म्हणते, बाकी काही नको, माझी वेणी मला घालता आली पाहिजे."

ताई, उपयोग होतो. उशीर झाला आहे हे खरं, पण हातातून सगळं गेलेलं नाही. पुण्यात संधिवाताचे रुग्ण बघायला लागून मला बावीस वर्षं झाली आणि तुमच्या आईसारख्या बायका माझ्याकडे दर आठवड्याला येतात. त्यांच्या बाबतीत मी आधी दोन हिशेब वेगळे करते: होऊन गेलेलं नुकसान किती आणि आज चालू असलेला आजार किती. वळलेलं बोट कोणत्याही गोळीने सरळ होत नाही. पण मनगटात आज जी सूज आहे ती उतरते, आणि ती उतरली की पुढचं वाकडेपण थांबतं.

हे दोन्ही ओळखायचे कसे? सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं, ते सांध्याचं वंगण तयार करतं. आमवातात शरीराची संरक्षणयंत्रणा याच अस्तरावर उलटते. अस्तर फुगतं, जाड होतं आणि शेजारचं हाड कुरतडायला लागतं. तपासताना मी पेशंटचा हात हातात घेऊन एकेक सांधा अंगठ्याने दाबते, माझं नख पांढरं पडेल इतकाच जोर लावून. आजार चालू असेल तर सांध्याच्या दोन्ही कडांना मऊ, लिबलिबीत लागतं, पिकलेलं द्राक्ष दाबल्यासारखं, आणि पेशंटचा चेहरा आक्रसतो. जुनं नुकसान असेल तर बोटाखाली टणक हाड लागतं, आकार वेडावाकडा असतो, पण दाबल्यावर बाई शांतपणे माझ्याकडे बघत असते. असे २८ सांधे मोजायची जगभर पद्धत आहे: हातांची पेरं, मनगटं, कोपरं, खांदे आणि गुडघे. त्यात पावलं नाहीत. म्हणून आईला सांगा, तपासायला बसल्यावर चपला काढायच्या आणि पावलंही दाखवायची. मोजणीत सगळं ठीक आणि पावलांच्या चवड्यांत मात्र आग, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

घरच्या घरी एक गोष्ट बघता येईल. आईचं दुखणं सकाळी जास्त असतं की संध्याकाळी? सकाळी उठल्यावर हात आखडलेले, चहाचा कप धरवत नाही, तास-दीड तासाने हालचाल केल्यावर मोकळं होतं, असं असेल तर आजार पेटलेला आहे. सकाळ बरी जाते आणि दिवसभराच्या कामानंतर गुडघा ठणकतो, पडून राहिलं की कमी होतो, तर ती बहुतेक झीज आहे. आईला दोन्ही असणार असा माझा अंदाज आहे, हातात एक आणि गुडघ्यात दुसरं. आणि दोघांचे उपाय वेगळे. झिजलेल्या गुडघ्यासाठी आमवाताचं औषध वाढवत नेलं तर दुखणं जात नाही, नुसता औषधाचा भार वाढतो. पेटलेल्या मनगटाला नुसती दुखण्याची गोळी दिली तर कळ कमी होते आणि हाड झिजत राहतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. जे लागू पडलं नाही तेच पुन्हा कशाला?

औषध लागू पडलं नाही असं कुणी सांगितलं की मी विचारते: किती डोस, किती आठवडे, कसं घेतलं? मेथोट्रेक्सेटचा परिणाम दिसायलाच सहा ते बारा आठवडे लागतात, आणि आठवड्याला १० मिलिग्रॅम हा अनेकांसाठी सुरुवातीचा डोस असतो. रक्ताचे रिपोर्ट बघत तो हळूहळू २०, कधी २५ मिलिग्रॅमपर्यंत न्यायचा असतो. दोन वर्षं १० वरच थांबलं असेल तर त्या औषधाला पूर्ण संधी मिळालीच नाही. मळमळीलाही उपाय आहेत. जेवणानंतर रात्री झोपताना घेणं, सोबत दिलेली फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची गोळी नीट चालू ठेवणं, आणि तरीही पोटाला सोसत नसेल तर त्याच औषधाचं त्वचेखाली घ्यायचं छोटं इंजेक्शन. मोठ्या डोसमध्ये इंजेक्शन गोळीपेक्षा चांगलं शोषलंही जातं. इन्सुलिन घेतात तसंच घरी घेता येतं. हे औषध स्वस्त आहे म्हणून हलकं आहे असं समजू नका. १९८०च्या दशकात त्याच्या चाचण्या झाल्या आणि आजही जगभर आमवाताचा उपचार बहुधा त्याच्यापासूनच सुरू होतो. पुढे महाग औषध लागलं तरी ते बऱ्याचदा याच्या जोडीनेच दिलं जातं.

एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज नाही. आपल्याकडे मिळणारी ही गोळी आणि फॉलिक ॲसिडची गोळी बऱ्याचदा दोन्ही लहान आणि पिवळ्या असतात, आणि घरात त्यांची अदलाबदल होते. माझ्याकडे एक आजी आल्या, तोंडभर फोड, पाणी गिळवत नव्हतं, अंगावर निळे डाग. पिशवी टेबलावर रिकामी केली तेव्हा कळलं की फॉलिक ॲसिड आठवड्यातून एकदा आणि मेथोट्रेक्सेट रोज चाललं होतं. रक्तातल्या पेशी पार खाली गेल्या होत्या. त्या वाचल्या, पण असे सगळेच वाचत नाहीत. तेव्हापासून मी कागदावर आठवड्याचा वार लिहिते आणि तो पेशंटकडून मोठ्याने वदवून घेते. आईसाठी एक वार ठरवा, दिनदर्शिकेवर त्या वारांना लाल गोल करा आणि मेथोट्रेक्सेटची पाकिटं वेगळ्या डब्यात ठेवा. ताप आला, छातीत कफ झाला, लघवीला जळजळ झाली तर त्या आठवड्याचा डोस थांबवून डॉक्टरांना विचारायचं. पहिले काही महिने रक्ततपासणी महिन्याच्या आसपास, नंतर साधारण तीन महिन्यांनी: पेशी, यकृत आणि मूत्रपिंड. आरए फॅक्टर, म्हणजे आमवाताच्या निदानासाठी करतात ती रक्ततपासणी, पुन्हा पुन्हा करू नका. एकदा पॉझिटिव्ह आला की तो परत मोजून उपचाराला काही दिशा मिळत नाही. एएसओ नावाच्या तपासणीचा तर या आजाराशी संबंधच नाही, तरी लोक तिच्यावर पैसे घालतात. तेच पैसे वरच्या तीन तपासण्यांना वापरा.

पुड्यांबद्दल. चेहरा सुजणं, साखर वाढणं आणि सुरुवातीचा झटपट आराम हे तिन्ही एकत्र दिसले की माझ्या मनात एकच शंका येते, त्यात स्टेरॉइड असणार. हा आराम खोटा नसतो, म्हणूनच तो माणसाला भुलवतो. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या बाईला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यानंतर थोड्याच वर्षांत दुसरी बाजू समोर आली: ठिसूळ हाडं, मधुमेह, मोतीबिंदू, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटणं. आम्हीही स्टेरॉइड वापरतो, पण कमी डोसमध्ये, थोड्या आठवड्यांसाठी, मेथोट्रेक्सेट काम करायला लागेपर्यंतचा पूल म्हणून. चिठ्ठीवर नाव आणि प्रमाण लिहून. पुडीवर काहीच लिहिलेलं नसतं. आयुर्वेदाबद्दल मी हे बोलत नाही. आपल्या वैद्यांनी या आजाराला आमवात हे नाव हजार वर्षांपूर्वीच दिलं, आणि शिकलेला वैद्य औषधाचं नाव लिहून देतो. मी बोलते आहे बिननावाच्या पुडीबद्दल.

पण ऐका, हे वाचून उद्या सकाळी पुड्या फेकून देऊ नका. वर्षानुवर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम बंद केलं तर गळून जाणं, उलट्या, रक्तदाब पडणं असं होतं आणि जिवावर बेतू शकतं. उरलेल्या पुड्या नव्या डॉक्टरांकडे घेऊन जा, कधीपासून आणि दिवसाला किती ते सांगा. लपवू नका, कुणी रागावलं तरी सांगा. ते मोजून स्टेरॉइड देतील आणि पायरीपायरीने उतरवतील. सोबत हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या आणि डोळे दाखवा. चालताना जांघेत दुखत असेल तर तेही आवर्जून सांगा, ते खुब्याचं दुखणं असू शकतं.

महाग इंजेक्शनांची भीती आत्ताच बाळगू नका. त्यांच्या आधी एक टप्पा आहे आणि तो पुष्कळदा गाळला जातो. मेथोट्रेक्सेटसोबत सल्फासलाझीन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन अशा तीन गोळ्या एकत्र द्यायच्या. ज्यांना एकट्या मेथोट्रेक्सेटने पुरेसा फरक पडला नव्हता अशा रुग्णांवर २०१३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या तीन गोळ्या इटानरसेप्ट हे महाग इंजेक्शन आणि मेथोट्रेक्सेट यांच्या जोडीपेक्षा कमी ठरल्या नाहीत. गोळ्यांची संख्या जास्त होते, काहींना पोट बिघडतं, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनसाठी डोळ्यांचा पडदा तपासत राहावा लागतो. पण साताऱ्यातल्या मेडिकलमध्ये मिळणारी आणि झेपणारी अशी ही वाट आहे.

त्यानेही भागलं नाही तर पुढची औषधं आहेतच. आमवातात टीएनएफ नावाचं प्रथिन आग भडकवतं आणि ते अडवलं तर सूज उतरते, हे लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी दाखवलं. १९९२ साली त्यांनी पहिल्या रुग्णांना ते इंजेक्शन दिलं. आज त्यातल्या काही औषधांच्या भारतीय आवृत्त्या मिळतात आणि त्या मूळ कंपनीच्या औषधापेक्षा स्वस्त आहेत. टोफासिटिनिब ही गोळीही आता भारतीय कंपन्या बनवतात. ती सहज मिळते म्हणून सरसकट दिली जाते, आणि मला ते पटत नाही. पन्नाशीपुढचे आणि हृदयविकाराचा धोका असलेले रुग्ण घेऊन झालेल्या अभ्यासात टीएनएफच्या इंजेक्शनांपेक्षा या गोळीवर हृदयाचे झटके आणि कर्करोग थोडे जास्त दिसले. आईचं वय ५४ आणि साखर वाढलेली, तेव्हा ही गोळी लिहिली गेली तर हा प्रश्न नक्की विचारा. नागीणही या गोळीवर जास्त होते. आणि यातलं कोणतंही औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षय व कावीळ बी, सी यांच्या तपासण्या झाल्याच पाहिजेत. आपल्या देशात क्षयाचे जंतू कितीतरी लोकांच्या शरीरात झोपलेले असतात आणि ही औषधं त्यांना जागं करू शकतात.

तीन महिन्यांत निम्मा तरी फरक आणि सहा महिन्यांत सूज जवळपास नाही, असं ध्येय डॉक्टरांशी बोलून ठरवून घ्या. तसं होत नसेल तर उपचार बदलायला हवा. "जरा बरं आहे" यावर वर्षानुवर्षं थांबणं, यातच बोटं वाकतात.

दुखण्याच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक वगैरे, लागतील तेव्हाच. साखर असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला त्या रोज परवडत नाहीत.

आंबट सोडायची गरज नाही. दही, ताक, टोमॅटो, लिंबू, डाळ, वांगं, यांच्याने आमवात वाढतो असं कुठे सिद्ध झालेलं नाही. पथ्याचा हा घोळ काही अंशी युरिक ॲसिडच्या गाऊटमुळे झाला असावा, तो वेगळा आजार. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका पथ्याच्या नावाखाली डाळ आणि दही दोन्ही सोडून बसलेल्या असतात, हिमोग्लोबिन आठ, दंडाला मांस नाही, आणि थकव्याचं खापर आमवातावर. आई मासे खात असेल तर बांगडा आणि तारली जरूर द्या, त्यातल्या तेलाने सूज थोडी कमी होते. आणि आईला सांगा की तिच्या हातून काही चुकलेलं नाही. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला, जिथे उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात त्याच गावात, घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली होती. दर हजार मोठ्या माणसांमागे साधारण पाचांना आमवात निघाला. शेतात राबणारी, घरची भाकरी खाणारी माणसं होती ती. तंबाखूचं मात्र बोलायलाच हवं. धूम्रपानाने हा आजार होण्याची शक्यता वाढते आणि तो चिघळतोही. आई ओढत नसेल, पण मिश्री लावत असेल तर ती सोडवा. हिरड्यांच्या आजाराचा आमवाताशी संबंध दिसलेला आहे, आणि मिश्रीने हिरड्या जातात.

हातांना कामाला लावा. सूज गरम असेल तेव्हा विश्रांती आणि थंड शेक, सकाळच्या आखडण्याला कोमट पाणी. एरवी बोटांचा व्यायाम रोज करायचा. ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाताचे ताणाचे आणि ताकदीचे साधे व्यायाम शिकवलेल्या रुग्णांचे हात वर्षभरानंतरही जास्त कामाचे होते, आणि व्यायामाने दुखणं वाढलं नव्हतं. व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) करणाऱ्या थेरपिस्टला एकदा तरी दाखवा, मनगटाचा पट्टा तेच मापाने करून देतात. घरात छोटे बदल करा. करंगळीकडे ढकलणारा जोर टाळायचा, हे सूत्र धरा. कढई एका हाताने कानाला धरून उचलायची नाही, दोन्ही तळव्यांवर पेलायची. कपडे पिळताना नळाभोवती गुंडाळून ओढायचे. गोल नळाच्या जागी दांड्याचा नळ बसवा, तो मनगटाने ढकलता येतो. चमच्याच्या, विळीच्या मुठीला जाड कापड किंवा सायकलच्या हँडलचं रबर चढवा. खाली बसणं आता बंद, संडासात खुर्चीची सोय आधी करा. गुडघा पूर्ण झिजलेला असेल तर सांधा बदलायला घाबरू नका, मात्र आधी आजार शांत करून घ्या. आणि कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना "अकरा वर्षांचा आमवात आहे, मानेचा एक्स-रे बघा" असं सांगायचंच. या आजारात मानेचे वरचे दोन मणके सैल होऊ शकतात आणि भूल देताना मान मागे वाकवली जाते. मानेमागे दुखून हाताला मुंग्या येत असतील तर शस्त्रक्रियेची वाट न बघता दाखवा. कोरडा खोकला, जिना चढताना लागणारा दम हेही "वयामुळे" म्हणून सोडू नका, आमवात फुप्फुसातही उतरतो. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, कारण या रुग्णांत हृदयविकार इतरांच्या साधारण दीडपट दिसतो. फ्लू आणि न्यूमोनियाची लस घ्या.

जन्मभर का? बहुतेकांना दीर्घकाळ घ्यावं लागतं. सूज सहा महिने ते वर्षभर पूर्ण शांत राहिली तर आम्ही डोस कमी करत आणतो, आधी स्टेरॉइड, मग बाकीचं. सगळं एकदम सोडलं तर पुष्कळ जणांना पुन्हा उसळी येते, आणि दरवेळी तेच औषध तितकंच चालेल याची खात्री नसते.

आता वेणीचं. वेणी घालायला बोटं लागतात असं आपल्याला वाटतं, पण आधी खांदा आणि कोपर लागतं. आईला आज खुर्चीवर बसवा आणि दोन्ही हात डोक्यामागे न्यायला सांगा. हात कानापर्यंतच येत असतील आणि खांद्यात कळ येत असेल, तर अडचण बरीचशी खांद्यात आहे. खांद्याची सूज औषधाने उतरते, लागलं तर त्या एकाच सांध्यात इंजेक्शन देता येतं, आणि मग भिंतीवर बोटं चालवत वर नेण्याचा व्यायाम करून पाच-सहा आठवड्यांत हात बऱ्यापैकी मागे जायला लागतो. वळलेल्या बोटांनी तीन पेड धरता येतात, मी पाहिलंय. केस आधी रबराने बांधून घ्यायचे, वेणी पाठीमागे न घालता खांद्यावरून पुढे घेऊन घालायची. हात मागे गेला की कुठे अडतो ते बघून ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेच करून दाखवायला सांगा.